दुसरीच्या प्रार्थनेचा हेवा

अहमदीच्या उन्हात चादर वाळायला वेळ लागत नाही. एक टोक दोरीवर टाकून दुसरं सारखं करेपर्यंत पहिलं कोरडं होऊ लागतं. आज दुपारी मागच्या अंगणातल्या चादरी काढल्या आणि सवयीनं छातीशी धरल्या, तेव्हा तोच वास आला. तापलेल्या कापडाचा, थोड्या निळीचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी वाऱ्यावरून आलेल्या कच्च्या तेलाचा. या गावात काही दिवस राहिलं की तो तेलाचा वास येईनासा होतो असं सगळे म्हणतात. मला येतो. आणि तो आला की माझ्याआधी अशाच चादरी छातीशी धरून उभी राहणारी एक मुलगी आठवते, आणि तिच्या मागोमाग, मांजरासारखा पाय न वाजवता, माझा हेवा येतो. ती इथून जाऊन काही वर्षं झाली. हेवा मात्र गेला नाही. त्याला इथली हवा मानवली असावी.

साडीचा हेवा सांगता येतो, रंगाचा येतो, लग्नाचाही येतो. ऐकणारी हसते, तिला स्वतःचा एखादा आठवतो आणि विषय संपतो. दुसरीच्या प्रार्थनेचा हेवा कुणाला सांगायचा? आमच्या ख्रिस्ती मंडळींच्या पाळकसाहेबांना सांगावा तर ते तिथल्या तिथं डोळे मिटून माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करतील, आणि पुढच्या उपासनेला त्यांच्या पत्नी माझ्याकडे जरा जास्तच मायेनं बघतील. मला दोन्ही नको. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्हीही कधी शांत बसायचा प्रयत्न केला असेल, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी भांडी घासता घासता सुखानं गुणगुणतं आहे हे ऐकून तुमच्या मनात काही टोचलं असेल, तर मला फार समजावून सांगावं लागणार नाही.

मी इथं आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. अहमदी म्हणजे आखाताच्या किनाऱ्याजवळ, वाळवंटातल्या एका उंचवट्यावर तेल कंपनीनं आखून वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, कुंपणाला कण्हेर, पाणी घालून घालून जगवलेली झाडं, आणि खाली दूरवर समुद्राची फिकट पट्टी, तिच्यावर तेल भरायला थांबलेली जहाजं. कंपनीच्या इस्पितळाच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते; अजूनही आहे. नर्सांच्या क्वार्टर्समध्ये एक खाट रिकामी होती, म्हणून मला तिथं जागा मिळाली. पुण्याच्या बोर्डिंग शाळेत इंग्रजीतून शिकलेली, चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडणारी अशी मी. पण मनाशी एक गोष्ट पक्की ठरली होती आणि ती घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. धाकट्या भावाचं शिक्षण पुरं होईपर्यंत नोकरी करायची, आणि मग आमच्याकडच्या एका ख्रिस्ती आश्रमात जायचं. तिथं मोजक्या स्त्रिया पांढऱ्या साड्या नेसून मौनात आणि ध्यानात आयुष्य काढतात. शाळेत असताना एकदा त्यांच्या प्रार्थनाघरात मी बसले होते. तिथली शांतता अंगाला लागत होती, पायऱ्या पायऱ्यांनी विहिरीत उतरावं तशी. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. नवरा नको, घर नको. ती शांतता हवी होती, आणि तिच्यात जो कुणी बसलेला असतो तो हवा होता.

खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर ती चादरीवाली मुलगी होती. मिरजेकडची, नर्स, माझ्याच वयाची. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, बेसूर गायची. तिच्या फणीत केस राहायचे आणि माझी पावडर तिच्या मानेला लागलेली असायची. रात्री खाटेशी गुडघे टेकून ती प्रार्थनेला बसे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला, गादीवर गाल टेकून, तशीच झोपून जाई. मी मात्र पहाटे उठून, तोंड धुऊन, भिंतीकडे तोंड करून ताठ बसत असे. मनातले विचार एकेक करून दाराबाहेर ठेवावेत असं मी वाचलं होतं. मी ठेवत असे. पण बाहेर ठेवलेले विचार दाराशीच बसून राहत, आणि आत जी जागा रिकामी होई तिच्यात कुणी येत नसे. तेवढ्यात तिला जाग येई. पांघरुणातून डोकं काढून, दूधवाल्याची चौकशी करावी तशी ती विचारी, “आला का गं?” मी भिंतीकडेच बघत राही. मग तीच म्हणे, “न्हाई आला तर न्हाई. ड्यूटीवर असंल कुठंतरी. चहा ठेव, बाईसाहेब.”

मला बाईसाहेब म्हणणं ही तिची खोडी होती, माझ्या इंग्रजी शाळेवरची. तिच्या तोंडी ते बोचत नसे. बोचायचं ते दुसरंच. ती थट्टा करत होती ती देवाची नव्हती, माझीही नव्हती. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं ती बोलत होती. मी ज्याच्यासाठी पहाटे भिंतीसमोर बसून वाट बघत होते, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा जणू तिला ठाऊक होत्या.

इथं सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी. नगरची, पुण्याची, मिरजेची अशी थोडी मराठी ख्रिस्ती कुटुंबं एकेकाच्या घरी जमत. कुणीतरी बोटीतून आणलेली बाजाची पेटी असे, गायनाची पुस्तकं दोघींत एक पुरत, आणि उपासनेनंतर सगळ्यांचं मिळून जेवण असे. लेंतचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, दिवस आले की मोठा पेच पडे. शुक्रवार म्हटला तर उपासाचा, आणि इथं तोच आनंदाचा प्रभुवार. एका वर्षी नगरच्या दोन काकूंमध्ये यावरून जुंपली. एक म्हणे मटण शिजवायचं नाही, दुसरी म्हणे रविवारी उपास करणं हे पाप. दोघी पाळकसाहेबांकडे बघत होत्या आणि पाळकसाहेब पेटीकडे. शेवटी हीच स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही उपास धरा, तुम्ही जेवा. देव दोघींकडं येऊन जाईल. त्याला काय, बोटीनं थोडंच यायचंय?” सगळे हसले, काकूही हसल्या. मी हसले नाही. त्या लेंतात मी शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत मौन धरत होते. त्या मौनात मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, तिच्याकडे बघत बसले.

वॉर्डातही मी तिच्याकडेच बघत असे. टाइप केलेले कागद पोचवायला मला दिवसातून काही वेळा तिथं जावं लागे. ती वॉर्डात शिरली की तिथला आवाज वाढायचा. ही कुणाला दाढी केली नाही म्हणून ओरडतेय, कुणाची टोपी सरळ करतेय, मोडक्या अरबीत पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी भांडतेय. आणि तरीही, त्या सगळ्या गलक्याच्या खाली, काहीतरी निवत जायचं. तापलेल्या तव्यावरून हात फिरवावा आणि तो थंड लागावा, तसं. मी दारात कागद घेऊन उभी राहायची. ही तीच शांतता आहे, प्रार्थनाघरातली, हे माझ्या अंगानं केव्हाच ओळखलं होतं. मनाला मान्य करायला जरा वेळ लागला. ती शांतता इथं, फिनेलच्या वासात, बेसूर गाण्याच्या आत होती. आणि माझ्याकडे नव्हती.

मग मी शुक्रवारी दुपारी वॉर्डात मदतीला जाऊ लागले. लोकांनी त्याला सेवा म्हटलं. मी खरं तर हेरगिरीला जात होते. ती नेमकं काय करते हे मला शोधायचं होतं, आणि एके दिवशी ते सापडलं. रिकाम्या खाटेवर नवी चादर घालण्याआधी ती दोन्ही तळवे गादीवर टेकवायची. आधी मध्ये, मग उशीकडे. क्षणभर थांबायची, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ किंचित हलताहेत. मग एका झटक्यात चादर पसरायची. प्रत्येक खाटेपाशी हेच. हेच ते. येणाऱ्या आजाऱ्यासाठी, अजून तो आलेलाही नसताना, ती खाट देवाच्या हाती देत होती. कामाच्या मध्यात एक श्वासभर थांबून. पुस्तकांतून इतकी वर्षं मी वाचत होते ते ध्यान, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर.

मी ते उचललं. दुसऱ्या शुक्रवारपासून मीही तळवे टेकवू लागले, डोळे मिटू लागले. प्रत्येक खाटेपाशी मी थांबत होते, आणि माझे तळवे तळवेच राहत होते. लेंत संपला, उन्हाळा पेटला, वाळूची वादळं सुरू झाली. वाकून वाकून माझी पाठ धरली. शेवटी एका संध्याकाळी क्वार्टर्सकडे परतताना, डोक्यावरून पदर घट्ट धरून आम्ही चालत होतो तेव्हा, मी तिला विचारलंच, की गादीवर हात ठेवून तू मनात काय म्हणतेस.

ती रस्त्यातच थांबली. “कधी?”

मी तिला सगळं वर्णन करून सांगितलं. ती इतकी हसली की जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. “अगं, गादी ओली हाय का बघते मी,” ती म्हणाली. “ओल्या गादीवर निजवला तर पाठ सोलून निघती माणसाची.”

“आणि ओठ हलतात ते?”

“हलतात व्हय? मग गाणं असंल एखादं. न्हाईतर आज जेवायला काय हाय ते.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तिचं हसू ओसरलं. मला ते ओसरायला नको होतं. तिच्या हसण्याचा राग धरता आला असता. ती हळू आवाजात म्हणाली, “तुझ्यासारखं बसायला मला जमत न्हाई गं. मी आपली जाता जाता बोलते त्याच्याशी. उत्तराला थांबत न्हाई.”

त्या रात्री मला झोप लागली, चांगली लागली, आणि सकाळी उठल्यावर कळलं की हेवा आता पुरता वाढला आहे. तिच्याकडे एखादी युक्ती असती तर मी ती शिकले असते. शिकणं मला जमतं. शाळेत माझा नंबर वर असायचा. पण तिच्याकडे शिकण्यासारखं किंवा चोरण्यासारखं काही नव्हतंच. ती गादी ओली आहे का बघत होती, आणि तेवढंच बघत होती, आणि देव तिथं होता. मी देव आहे का बघत होते आणि गादी ओली होती की कोरडी, हे मला एकदाही कळलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात आश्रमातल्या थोरल्या ताई इथं आल्या. यरुशलेमची यात्रा करून बसऱ्यामार्गे बोटीनं मुंबईला परतत होत्या, आणि वाटेत काही दिवस अहमदीला भाच्याच्या घरी उतरल्या होत्या. माझ्या आईनं त्यांना कळवलं होतं. त्या मला बघायला येणार होत्या. मुलगी बघायला येतात तसंच ते होतं, फक्त घर निराळं. शुक्रवारी त्यांच्या भाच्याकडेच उपासना झाली आणि नंतर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. काही विचारलं नाही. चटईवर बसल्या, शेजारी हात थोपटून मला बसवलं आणि डोळे मिटले. मीही मिटले. इतकी स्थिर मी जन्मात बसले नव्हते. आणि मिटलेल्या डोळ्यांनी दुसऱ्या कुणावर इतकं लक्षही कधी ठेवलं नव्हतं. त्यांचा श्वास, त्यांच्या साडीची सळसळ, आणि माझ्या ताठ पाठीची त्यांना जाणीव झाली असेल का हा विचार.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. कुणाच्या तरी नवऱ्यानं मटणाच्या पातेल्यावरचं झाकण उघडून पाहिलं होतं आणि ती त्याला झाडत होती. थोड्या वेळानं शेजारी हालचाल झाली. मी डोळे उघडले तर ताई उठून चालल्या होत्या. दारातून मला पलीकडचं दिसत होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीला टेकून पाटावर बसल्या. तिनं, कोण कुठल्या हे न बघता, लसणाची परडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चपात्यांकडे वळली. ताई लसूण सोलत राहिल्या. हळूहळू त्यांचे डोळे मिटले, बोटं सोलत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर ते निवलेपण आलं. मी शाळकरी असताना प्रार्थनाघरात पाहिलेलं. माझ्याशेजारी बसून आलं नव्हतं. जेवणाची पानं मांडेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

जेवणानंतर आम्ही दोघी भांडी आवरत होतो. ताई दारात उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात तिला म्हणाल्या, “आमच्याकडे राहायला येशील का गं?”

“मी?” तिच्या हाताला कोपरापर्यंत राख लागली होती. “ताई, मला दोन तास गप्प बसवलं तर मीच पेशंट होईन. हिला न्या की. ही तर कधीची तयार बसलीया.”

तिनं हे प्रेमानं म्हटलं. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच ते इतकं लागलं. जे मला मागूनही मिळत नव्हतं ते तिला न मागता पुढं आलं होतं, आणि नको असलेला लाडू शेजारच्या पानात टाकावा तसं तिनं ते माझ्याकडे सरकवलं होतं. ताई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या नजरेत खूप माया होती. “ही येईलच,” त्या म्हणाल्या. “पण पोरी, तुला फार घाई आहे.”

घाई. जी मुलगी वर्षानुवर्षं भिंतीसमोर बसून वाट बघत होती तिला. मी मान हलवली आणि ताट पुसत राहिले. एकही ताट माझ्या हातून फुटलं नाही. परतताना ती कावरीबावरी झाली होती, “मी काय वंगाळ बोलले का गं?” असं दोनदा विचारलं तिनं. मी डोकं दुखतंय म्हणाले. ताई पुढच्या बोटीनं गेल्या. निघताना सांगून गेल्या की दार उघडं आहे, मन निवलं की कळव.

त्यानंतर वर्ष झालं असेल नसेल, तिचं लग्न ठरलं आणि ती मिरजेला परत गेली. धक्क्यावर ती मोठ्यानं रडली, शेजारच्या अनोळखी बायकांच्याही डोळ्यांत पाणी आणलं तिनं. मी रडले नाही. बोट निघाल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल अशी माझी समजूत होती. आता खोलीत मी एकटी, पहाट माझी, भिंत माझी, “आला का गं” असं विचारणारं कुणी नाही.

पण बायकांच्या वॉर्डात ती एक म्हातारी ठेवून गेली होती. रत्नागिरीकडची, मुसलमान, तिचा मुलगा कंपनीच्या मेसमध्ये आचारी होता. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि वजन लावून पाय टांगून ती कित्येक दिवस उताणी पडून होती. माशाच्या कालवणात चिंच की आमसूल यावरून तिचं आणि हिचं रोज भांडण चाले. हिच्या जागी आलेली नर्स केरळची, शहाणी, मितभाषी. म्हातारीला भांडायला कुणी उरलं नाही. मी शुक्रवारी जात होते तशी जात राहिले. मी जवळ गेले की म्हातारी माझा हात धरी आणि सोडून देई. “तुजा हात थंड हाय गो. ती दुसरी बाय कदी येल?” ती येणार नाही, तिचं लग्न झालं, असं मी सांगे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. दर वेळी टाचणी त्याच जागी टोचे. ती समुद्रापलीकडे गेली तरी मी दुसरीच होते, आणि “दुसरी बाय” मात्र म्हातारी तिला म्हणे.

एका दुपारी बाहेर वाळू उठली होती, खिडक्या बंद होत्या आणि वॉर्डात पिवळा अंधार होता. म्हातारीला दुखत होतं. मी शेजारी बसून होते, नेहमीसारखी गप्प. ती वैतागून म्हणाली, “बोल गो काय तरी. ती बोलायची.” बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? ज्याच्याबद्दल बोलावं असं माझ्या मनात एकच माणूस भरलेलं होतं. मग मी तिच्याबद्दलच बोलू लागले. फणीतले केस. माझी पावडर. दुसऱ्या वाक्याला झोपलेली प्रार्थना. नगरच्या काकू आणि लेंतातलं मटण. गादीवरचे तळवे, माझी फजिती, रस्त्यातलं तिचं हसणं, मान बाहेर काढणारा ट्रकवाला. म्हातारी हसायला लागली, पाय टांगलेला असताना हसवत नव्हतं तरी हसली, मग तिनं माझा हात धरला आणि सोडायचं विसरली. मी बोलत राहिले. ती झोपल्यावरही थोडा वेळ बोलत होते. वाळू खाली बसली, खिडकीत उजेड आला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की इतक्या वेळात मी एकदाही कुणाची वाट पाहिली नव्हती. कुणी आलं होतं का, ते मला सांगता येणार नाही. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

इतक्यात कुणी म्हणेल, मग हेवा गेला. नाही गेला. त्या दुपारीही जे घडलं ते तिच्याच गोष्टींवर घडलं, हे मला टोचलंच. भावाचं शिक्षण आता पुरं झालं आहे. आश्रमाला काय कळवायचं याचा मी बरेच दिवस विचार केला, आणि इतक्यात येत नाही असं कळवून टाकलं. मन निवलेलं नाही हे एक कारण. दुसरं असं की तिथं त्या थंडगार प्रार्थनाघरात मी बसले तर शेजारी, मनातून उठून, तीच येऊन बसेल, आणि तिथं मला तिच्याकडे बघत बसण्यावाचून दुसरं काम नसेल. इथं निदान खाटा आहेत.

वर्षं गेली की माणसं पुसट होतात म्हणतात. जी माणसं मला आवडत होती ती खरंच तशी झाली. आठवता आठवता मी त्यांना हळूहळू गोड करून टाकलं, आता त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. तिचं तसं झालं नाही. हेवा करणारं माणूस फार बारकाईनं बघतं आणि बघितलेल्यातलं काही हरवू देत नाही. ती होती तशीच माझ्याजवळ आहे, बेसूर, पसाऱ्याची, भांडखोर, आणि तिच्यातून कुणीतरी ये-जा करत होतं तेही तसंच आहे. ती ये-जा माझ्या घरावरून नसेल. पण ती खरी आहे, रोजच्या कामाच्या मधून आहे, आणि मी ती पाहिली आहे. ज्यांनी कधी पाहिलीच नाही त्यांना माझा हेवा वाटायला हरकत नाही.